ताईचं विमान नकाशावरून गायब झालं तेव्हा…

तुमच्या घरातलं कुणी विमानाने निघालं की तुम्ही काय करता? "बोर्डिंग झालं" असा मेसेज आला की एक अंगठा पाठवता आणि झोपायला जाता? तसं असेल तर तुम्ही नशीबवान आहात. आमच्याकडे गेल्या जुलैपासून तसं होत नाही. आमच्याकडे विमान जमिनीवरून उठल्यापासून परत जमिनीला टेकेपर्यंत आईच्या फोनवर एक छोटंसं पिवळं विमान सरकत असतं, आणि ते टेकल्याशिवाय घरातला दिवा मालवला जात नाही.

याला जबाबदार मी आहे. दोन अर्थांनी. आईच्या मनात भीती घालायला माझाही हात लागला आणि ती थोडी कमी करायचा उपायही मीच शोधला. दोन्ही गोष्टी इंटरनेटवरूनच आल्या. म्हणूनच हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

माझं काम कंटेंट लिहिण्याचं. 'इंटरनेटवर सापडलेल्या दहा भन्नाट गोष्टी' या छापाचं लिखाण मी रोज करते. त्यामुळे घरात माझी ओळख "हिला नेटवरचं सगळं कळतं" अशी. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी काही पाठवलं की खाली प्रश्न ठरलेला, "मनू, हे खरं आहे का गं?" आणि मनू उत्तर देते. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला सांगू?

तो गुरुवार

१२ जून २०२५. अहमदाबादहून लंडनच्या गॅटविकला निघालेलं विमान उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच जण वाचला. जिथे ते पडलं तिथल्या इमारतींमध्ये असलेली माणसंही गेली. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, हे तुम्हालाही आठवत असेल.

मी बंगळुरूत, घरून काम करत होते. ताई सुट्टीवर सिडनीहून आलेली, आतल्या खोलीत झोपलेली. आई स्वयंपाकघरात. पहिल्या तासाभरात माझ्या फोनवर इतकं काही आलं की बघता बघता हाताला सवयच लागली: बघायचं आणि पुढे ढकलायचं. त्यातला एक व्हिडिओ विमानाच्या आतून काढलेला होता. माणसं किंचाळतायत, कुणीतरी देवाचं नाव घेतंय. मी तो ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

संध्याकाळी कळलं की तो व्हिडिओ त्या विमानातला नव्हताच. जुना होता, भलत्याच देशातला. मी तो डिलीट केला, "सॉरी, चुकीचा होता" असं लिहिलं. पण तोवर आईने तो पाहिला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. आणि तीन आठवड्यांनी तिची थोरली मुलगी विमानात बसणार होती.

आई रडली-बिडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरता चिरता ताईला म्हणाली, "दोन महिने थांबलीस तर नाही का चालणार?"

ताईची रजा संपत होती. ती म्हणाली, "आई, नोकरी आहे माझी तिथे."

"नोकऱ्या काय, दुसऱ्या मिळतात."

त्यानंतर आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

"११ए मिळेल का?"

त्याच आठवड्यात एका रात्री आई माझ्या खोलीत आली. ताई झोपल्याची खात्री करून हळूच म्हणाली, "मनू, तिकीट बदलून ११ए सीट नाही का मिळणार तिला?"

अपघातातून वाचलेला तो एकमेव प्रवासी ११ए या सीटवर बसला होता, हे तुम्ही वाचलंच असेल. सोशल मीडियावर तेव्हा ११ए म्हणजे जणू संकटमोचन सीट झाली होती. लोक हसून का होईना, तीच सीट मागत होते. माझी आई हसून विचारत नव्हती.

मी तिला सांगितलं की प्रत्येक विमानात खुर्च्यांची मांडणी वेगळी असते. त्या विमानात ११ए आपत्कालीन दरवाजापाशी होती. ताईच्या विमानात त्याच नंबरची सीट कुठे असेल, असेल की नसेल, सांगता येत नाही. आईने मान डोलावली. "बरं," म्हणाली आणि गेली. मला कळलं, पटलेलं काहीच नव्हतं. आकडे सांगून भीती जात असती, तर जगात कुणीच झुरळाला घाबरलं नसतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा ठरवलं की विमानांबद्दल काहीतरी नीट वाचायचं. 'दहा भन्नाट गोष्टी' लिहिण्यासाठी नाही, घरासाठी.

गच्चीवरच्या अँटेना

सगळ्यात आधी सापडलं ते फ्लाइटरडार२४. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ते असेलही. जगाचा नकाशा आणि त्यावर मुंग्यांसारखी पसरलेली पिवळी विमानं. मी ते पूर्वीही पाहिलं होतं, पण हे चालतं कसं, हा प्रश्न कधी पडला नव्हता. मला वाटायचं, सरकारी रडारवरून माहिती येत असेल. तसं नाही. आणि खरी गंमत इथेच आहे.

आजच्या बहुतेक प्रवासी विमानांमध्ये एडीएस-बी नावाची यंत्रणा असते. विमान उपग्रहांच्या मदतीने स्वतःची जागा ओळखतं आणि मग सेकंदाला साधारण दोनदा आकाशात ओरडून सांगत राहतं: मी अमुक विमान, मी इथे आहे, इतक्या उंचीवर, इतक्या वेगाने चाललोय. हे ओरडणं १०९० मेगाहर्ट्झ या लहरीवर चालतं आणि त्याला कुलूप नसतं. म्हणजे योग्य अँटेना आणि छोटासा रिसीव्हर असेल, तर ते कुणालाही ऐकू येतं.

२००६ मध्ये स्वीडनमधल्या दोन विमानवेड्यांनी असे रिसीव्हर लावायला सुरुवात केली. २००९ मध्ये त्यांनी दार सगळ्यांसाठी उघडलं: तुमच्याकडे रिसीव्हर आहे? मग तुम्हाला ऐकू येतं ते आमच्याकडे पाठवा. आज जगभर असे हजारो रिसीव्हर आहेत. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या खिडकीत, कुठल्या विद्यापीठाच्या छपरावर, कुठल्या बेटावर. अनोळखी माणसं आपापल्या डोक्यावरून जाणारी विमानं टिपतात आणि त्या सगळ्यांच्या टिपणांतून एक नकाशा तयार होतो.

२०१० मध्ये आइसलँडमधला ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेमुळे युरोपातली विमानसेवा कित्येक दिवस बंद पडली. तेव्हा या नकाशाकडे जगाचं लक्ष गेलं. एरवी विमानांनी गजबजलेलं युरोप नकाशावर रिकामं झालेलं लोकांनी पाहिलं. 'विमानं बंद आहेत' हे बातमीत ऐकणं वेगळं आणि आकाश मोकळं झालेलं डोळ्यांनी बघणं वेगळं.

आमचं घर येलहंकाच्या बाजूला. विमानतळ फार लांब नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आईला गच्चीत नेलं. वाळलेले कपडे काढता काढता डोक्यावरून एक विमान गेलं. मी फोन पुढे केला.

"हे बघ. हे पाटण्याहून आलंय. आता उतरतंय."

आईने वर पाहिलं, मग फोनमध्ये पाहिलं. परत वर.

"आणि ते मागचं?"

"ते कोचीहून."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने नकाशा दोन बोटांनी लहान केला. आधी कर्नाटक, मग भारत, मग सगळं जग. पिवळ्या ठिपक्यांनी नकाशा झाकून गेला होता.

"इतकी?" ती म्हणाली. "एका वेळी इतकी उडतात?"

"रोज."

"आणि सगळी उतरतात?"

यावर आकडा सांगायचा मोह मी आवरला. म्हटलं, "तूच बघ."

तेव्हापासून आईला नवा नाद लागला. रोज संध्याकाळी एक विमान निवडायचं आणि ते उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवायचं. कधी गुवाहाटीचं, कधी दुबईचं. मालिका लागलेली असायची, पण तिचा डोळा फोनवर. उतरलं की म्हणायची, "टेकलं बाई." एकदा जयपूरहून येणाऱ्या विमानाने उतरण्याआधी आकाशात दोन-तीन गोल फेऱ्या मारल्या. आई ताठ बसली. मी शोधून सांगितलं की धावपट्टीवर गर्दी असली की विमानांना असं घिरट्या घालत थांबवतात, जसं सिग्नलला गाड्या थांबतात. दहा-बारा मिनिटांनी ते उतरलं. आई म्हणाली, "त्यातल्या कुणाची आई बघत नसली म्हणजे बरं."

माहिती आणि तिचा अर्थ

मी मात्र रात्री उशिरापर्यंत वाचत बसायची. आणि जितकं वाचत गेले, तितकं एक कळत गेलं: या नकाशावरची माहिती खरी असते, पण तिचा अर्थ आपण लावतो, आणि तिथेच घोळ होतो.

अहमदाबादच्या त्या विमानाचंच बघा. त्याचा शेवटचा संदेश या हौशी जाळ्याने टिपला तेव्हा उंची ६२५ फूट होती. हा आकडा सगळीकडे फिरला. पण तो जमिनीपासूनच्या उंचीचा आकडा नव्हता. विमानतळ स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे २०० फूट उंचीवर आहे. म्हणजे विमान जमिनीपासून त्याहून बरंच कमी वर गेलं होतं. आकडा खरा, पण वाचायची रीत माहीत नसली तर अर्थ चुकीचा. आणि त्या आठवड्यात अशा एकेका आकड्यावरून लोक कारणं ठरवत होते. सरकारी तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल यायला महिना लागला. आमच्या ग्रुपवर निकाल दोन दिवसांत लागला होता.

किंवा ७७०० हा आकडा घ्या. विमानात काही तातडीची अडचण आली की वैमानिक हा चार अंकी कोड लावतो, म्हणजे खालच्या नियंत्रकांना लगेच कळतं. रेडिओ बिघडला तर ७६००, अपहरण असेल तर ७५००. आता हे कोड नकाशावर दिसतात, त्यामुळे कुठल्याही विमानाने ७७०० लावला की मिनिटाभरात सोशल मीडियावर "अमुक विमान संकटात" अशी आरोळी उठते. बऱ्याचदा आत एखाद्या प्रवाशाची तब्येत बिघडलेली असते किंवा काही तांत्रिक कुरबुर असते, आणि विमान जवळच्या विमानतळावर सुखरूप उतरतं. उतरल्याची बातमी मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

पण याच सोशल मीडियाने एक सुंदर गोष्टही दाखवली आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये एका विमानाला पक्ष्यांचा थवा धडकला, दोन्ही इंजिनं बंद पडली आणि कॅप्टन सलनबर्गर यांनी ते सरळ हडसन नदीवर उतरवलं. मदतीला निघालेल्या एका बोटीतल्या प्रवाशाने फोनवर फोटो काढला आणि ट्विटरवर टाकला. पाण्यावर तरंगणारं विमान आणि त्याच्या पंखांवर रांगेत उभी माणसं. मोठमोठ्या वाहिन्यांच्या आधी जगाने तो फोटो पाहिला. विमानातले १५५ च्या १५५ जण वाचले. बातमी आता सामान्य माणसाच्या खिशातूनही येणार, हे ज्या क्षणांनी जगाला दाखवलं, त्यातला हा एक.

मी हा फोटो आईला दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "थंडी असेल ना गं? जानेवारीत?" होती. कडाक्याची होती. पण तिच्या डोळ्यांसमोर आता माझ्या त्या खोट्या व्हिडिओशिवाय दुसरंही एक चित्र होतं, एवढं मला पुरे झालं.

कुणी कुणाकडे बघायचं?

एकदा रात्री मी ताईलाही या सगळ्या गमती सांगत बसले. १३ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथचं पार्थिव एडिनबरोहून लंडनकडे नेणारं विमान जवळपास ४८ लाख लोकांनी या नकाशावर थेट पाहिलं. पहिल्याच मिनिटाला इतके लोक धडकले की यंत्रणाच कोलमडायला आली. जुलै २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने आपलं शेवटचं ७४७ जातीचं विमान निवृत्त केलं, तेव्हा सिडनीहून निघालेल्या त्या विमानाने समुद्रावर अशी वळणं घेतली की नकाशावर कांगारू उमटला. कोरोनाचे दिवस होते, लोक घरात अडकलेले, आणि फोनवर आकाशातला कांगारू.

ताई हसली. मग मी तिला फ्लोरिडातल्या त्या कॉलेजकुमाराची गोष्ट सांगितली, ज्याने इलॉन मस्क यांचं खासगी विमान कुठून कुठे जातंय, हे आपोआप ट्विटरवर टाकणारा प्रोग्राम लिहिला. मस्क यांनी ते बंद करायला त्याला पाच हजार डॉलर देऊ केले. पोराने पन्नास हजार मागितले. पुढे मस्क यांनी ट्विटरच विकत घेतलं आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याचं ते खातं बंद झालं. माहिती सगळी उघडीच होती, विमान स्वतःच ओरडून सांगत होतं. पण उघडी आहे म्हणून ती अशी मांडावी का, यावर तेव्हा खूप वाद झाला.

ताई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "मलाही तसंच वाटतं गं. आई आता माझं विमान बघणार. मग म्हणणार, फोनचं लोकेशन चालू ठेव. मग रात्री अकराला कुठे होतीस म्हणून विचारणार. मी एकतीस वर्षांची आहे, मनू."

मला उत्तर सुचलं नाही. कारण तिचंही खरं होतं. काळजी आणि पाळत यांच्यातली रेघ फार बारीक असते, आणि फोनमुळे ती अजून बारीक झाली आहे. शेवटी ताईनेच निघायच्या आदल्या दिवशी आईला सांगितलं, "विमान बघ. खुशाल बघ. पण उतरले की बंद कर. पुढचं मी सांगेन तेवढंच."

आई म्हणाली, "बरं."

हे "बरं" वेगळं होतं. त्यानंतर दोघी मिळून ताईची बॅग भरायला बसल्या. मेतकूट, भाजणी, दोन डबे शंकरपाळे.

रात्री साडेबारा

जुलैचा पहिला आठवडा. ताईचं विमान संध्याकाळी निघालं. बंगळुरू ते सिडनी थेट. नऊ हजार किलोमीटरांहून जास्त, साधारण साडेअकरा तास. आई सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली, फोन चार्जरला लावलेला. तमिळनाडू ओलांडून विमान श्रीलंकेच्या बाजूने समुद्रावर गेलं. मी मध्ये मध्ये डुलक्या काढत होते.

साडेबाराच्या सुमारास आईने माझ्या हाताला धरून हलवलं.

"मनू. ताईचं विमान दिसत नाहीये."

मी फोन घेतला. खरंच नव्हतं. निळा समुद्र आणि त्यावर काही नाही.

मला माहीत होतं की असं होणार. मी वाचलेलं होतं. तरी पोटात गोळा आला. कारण तुमच्याही डोक्यात आत्ता जे नाव आलं असेल, तेच माझ्याही डोक्यात आलं. ८ मार्च २०१४. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशियाचं एमएच३७०. २३९ माणसं, त्यात पाच भारतीय. तेही रात्री पडद्यावरून असंच नाहीसं झालं. उपग्रहाकडे दर तासाला गेलेल्या पुसट संकेतांवरून पुढे अंदाज बांधला गेला की ते दक्षिणेकडे, हिंदी महासागरात गेलं असावं. जगभरातले लाखो सामान्य लोक घरी बसून उपग्रहाचे फोटो तपासत होते, कुठे एखादा तुकडा दिसतो का म्हणून. त्यांना काही सापडलं नाही. पंखाचा एक भाग जुलै २०१५ मध्ये, हजारो किलोमीटर दूर रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर लागला. विमान आजतागायत मिळालेलं नाही. आणि ताई आत्ता त्याच महासागरावर होती.

हे मी आईला सांगितलं नाही. मी तिला अँटेनाची गोष्ट सांगितली.

"आई, हे विमान आपल्याला दिसतं ते खाली कुणाच्या तरी गच्चीवर अँटेना आहे म्हणून. ती अँटेना फार तर चारशेएक किलोमीटरवरचं विमान ऐकू शकते. त्यापुढे पृथ्वीचा गोलावाच आड येतो. आता समुद्रात कोण गच्ची बांधणार? जमीन सुटल्यापासून हा नकाशा नुसता अंदाजाने विमान पुढे सरकवत होता. खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही म्हणून त्याने ते काढून टाकलं. विमान आहे तिथेच आहे. आपला नकाशा आंधळा झालाय."

"मग ज्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्यांना तरी दिसतंय का?"

इथे मी खरंच वाचलेलं होतं, म्हणून आवाज थरथरला नाही. समुद्रावरून जाणारी विमानं उपग्रहामार्फत नियंत्रकांना आपली जागा कळवत असतात. एमएच३७० नंतर जगभरासाठी नियम आला की विमान कंपनीने समुद्रावरच्या आपल्या विमानाची जागा निदान दर पंधरा मिनिटांनी तरी नोंदवत राहावी. २०१९ पासून तर अवकाशातल्या ६६ उपग्रहांवर बसवलेले रिसीव्हरच विमानांचं ते ओरडणं वरून ऐकतात. आपल्या फुकटच्या नकाशाला ते सगळं दिसत नाही, एवढंच.

आईने विचार केला. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या आंबोलीच्या घाटात रेंज जाते, तसं."

"हो. अगदी तसंच."

"तुझे बाबा बेळगावहून सावंतवाडीला एसटीने यायचे," ती म्हणाली. "पावसाळ्यात. घाटात दरड पडली की गाडी तिथेच. ना फोन, ना हा तुझा नकाशा. रात्री दहा वाजायचे, अकरा वाजायचे. मी फडताळातले सगळे डबे काढून पुसत बसायचे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मग परत पहिल्यापासून."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई त्यांच्याबद्दल सहसा बोलत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? यायचे. भिजलेले, चिखलाने भरलेले." ती थोडं थांबली. "कळत नसायचं तेव्हाही ते वाटेतच असायचे ना. येतच असायचे."

आम्ही बसून राहिलो. मी आल्याचा चहा केला. सव्वा वाजून गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, समुद्राच्या कडेला, पिवळं विमान परत उगवलं. तिथल्या कुणाच्या तरी अँटेनाने ताईला ऐकलं होतं. कोण असेल तो? एखादा निवृत्त गृहस्थ, एखादा शाळकरी मुलगा? त्याला कधीच कळणार नाही की बंगळुरूतल्या एका सोफ्यावर दोन बायकांनी त्याच्यासाठी मनातल्या मनात हात जोडले.

"टेकलं की उठव," आई म्हणाली आणि तिथेच आडवी झाली. झोपली नाही, ते मला माहीत आहे.

पोहोचलीस का?

सकाळी सहाच्या सुमारास विमान सिडनीला उतरलं. तिथे साडेदहा वाजले होते. आम्ही दोघींनी उंचीचा आकडा शून्य झालेला पाहिला. पिवळं विमान धावपट्टीवरून वळून इमारतीकडे गेलं आणि थांबलं. आईने, ठरल्याप्रमाणे, नकाशा बंद केला.

पाऊण तासाने ताईचा फोन आला. आईने तो पहिल्याच रिंगला उचलला आणि विचारलं,

"पोहोचलीस का गं?"

मला हसू आलं. तिला मिनिटासकट माहीत होतं. तरी विचारलं. कारण नकाशा फक्त विमान पोहोचल्याचं सांगतो. मुलगी पोहोचल्याचं मुलीच्याच तोंडून ऐकावं लागतं.

आता मी दोन-तीन गोष्टी पाळते. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून सांगते. अपघाताचा कुठलाही व्हिडिओ पहिल्या दिवशी पुढे पाठवत नाही, खरा वाटला तरी नाही. तो बघणाऱ्यांमध्ये कुणाची तरी आई असते, आणि डिलीट केल्याने तिने पाहिलेलं पुसलं जात नाही. घरातलं कुणी समुद्रापलीकडे जाणार असेल, तर नकाशा दाखवण्याआधीच सांगते की मध्ये ते दिसेनासं होईल, घाबरू नका. आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याला आधी विचारते.

येत्या दिवाळीत ताई येणार आहे. परवा आईने मला विचारलं, "मनू, आपल्या गच्चीवरही तसली अँटेना लावता येते का गं? कुणाची तरी पोर आपल्यालाही ऐकू येईल."

मी म्हटलं, त्याचे इथले नियम बघून सांगते. यावेळी नीट वाचून.